विंडोज अकरा टाकू की दहाच राहू दे?

अण्णा आले ते ॲक्टिव्हाच्या पायाशी सीपीयू उभा ठेवून, दोन्ही गुडघ्यांनी त्याला आवळून धरत. उत्तमनगर माझ्या घरापासून लांब नाही, पण मधले स्पीडब्रेकर मोजले तर हार्ड डिस्क शाबूत पोचली हेच नशीब. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली. आता सोसायटीचं सेक्रेटरीपद, नातवाचे प्रोजेक्ट आणि बँकेची कामं असा सगळा संसार त्या डब्यावर चालतो. सीपीयू टेबलावर ठेवला, रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "फॉरमॅट मारून दे. आणि हे सांग, अकरा टाकायचं का दहाच राहू द्यायचं? दुकानवाला म्हणतो सात टाका, जुन्या मशीनला हलकं पडतं."

एका दमात तीन विंडोज. मी कॉम्प्युटरचे क्लास घेतो, त्यामुळे हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणारा बहुतेक वेळा 'सगळ्यात नवं कुठलं' किंवा 'सगळ्यात हलकं कुठलं' एवढंच विचारतो. दोन्ही प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते नंतरचे. आधी विचारायचं ते असं: हे कधी संपतं? औषधाची स्ट्रिप हातात घेतल्यावर ती कधी बनली हे कोणी बघत नाही, एक्सपायरी बघतो. ऑपरेटिंग सिस्टिमलाही एक्सपायरी असते. फक्त ती खोक्यावर छापलेली नसते, म्हणून कोणी बघत नाही.

अण्णांना समजवायला मला उदाहरण शोधावं लागलं नाही. म्हटलं, "सोसायटीत तुम्ही जे करता ना, तेच काम ऑपरेटिंग सिस्टिम करते." पाण्याचा टँकर, लिफ्टवाला, वायरमन यांच्याशी प्रत्येक सभासद वेगवेगळा बोलत बसला तर गोंधळ होईल. सगळे सेक्रेटरीकडे जातात, सेक्रेटरी पुढचं बघतो. तसंच वर्ड, क्रोम, टॅली हे सगळे सभासद. प्रिंटर, डिस्क, रॅम, वायफाय ही यंत्रणा. मध्ये विंडोज किंवा लिनक्स. कुणाला किती जागा, कोण आधी, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला गेटवर थांबवायचं, हे तिने ठरवायचं. शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि एक्सपायरीचा संबंध त्याच्याशीच आहे.

आता तारखा. नाशिककराला त्या लक्षात ठेवायला एक सोय आहे. मागच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण रामकुंडावर झालं ते १४ जुलै २०१५ ला, आणि विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला. पंधरा दिवसांचा फरक. साधू-महंत तपोवनात उतरत होते तेव्हा जन्मलेलं हे विंडोज १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. संपलं म्हणजे बंद पडलं नाही. त्या दिवसानंतर मायक्रोसॉफ्टने त्याच्या सुरक्षेतल्या भोकांना ठिगळं लावायचं थांबवलं. विंडोज ७ आलं २००९ मध्ये आणि संपलं १४ जानेवारी २०२० ला. विंडोज ८.१ संपलं १० जानेवारी २०२३ ला. अजूनही काही छोट्या वर्कशॉपमध्ये दिसणारं एक्सपी ८ एप्रिल २०१४ लाच संपलंय. दुकानवाल्याचं 'हलकं' सात म्हणजे कितीतरी वर्षांपूर्वी एक्सपायर झालेली गोळी. शिवाय सातवर आज काम तरी काय करणार? क्रोमने २०२३ च्या सुरुवातीला सात आणि आठ या दोघांचाही हात सोडला. १०९ ही त्यांच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. ब्राउझर जुना राहिला की वेबसाइट एकेक करून नखरे करायला लागतात, आणि दोष मशीनवर येतो.

अण्णांनी लगेच हरकत घेतली. "ऑक्टोबरपासून माझं दहाच चालू आहे की. काय झालं? काही नाही झालं."

खरं आहे. या मुद्द्यावर जरा थांबू, कारण निम्म्या नाशिकचं हेच म्हणणं आहे.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की आपण काय विचारतो? गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं? पायाला, कमरेला, छातीला. पाणी सोडल्या सोडल्या मारुती बुडत नाही. पण वरून विसर्ग चालू आहे हे कळल्यावर नदीकाठचा दुकानदार पाणी गळ्याशी यायची वाट बघत नाही, माल वर चढवायला घेतो. एक्सपायर झालेल्या विंडोजचं तसंच. दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. दर महिन्याला पाणी थोडं चढतं.

ते का चढतं, हे फारसं कोणी सांगत नाही. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच, म्हणजे ही ठिगळं, सोडतं. आपल्याकडे ते मंगळवारी रात्री उशिरा येऊन पडतात. विंडोज १० आणि ११ हे आतून बरेचसे एकाच लाकडातून कोरलेले आहेत. समजा जुन्या नाशकात एकाच सुताराने दोन वाड्यांना एकसारखी दारं बसवली. एका वाड्याच्या मालकाला कडी सैल असल्याचं कळलं आणि त्याने ती बदलून घेतली. गल्लीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. ज्याची नजर वाईट आहे त्याला आता फुकटात कळलं की दुसऱ्या वाड्याची कडी कुठे सैल आहे. अकरासाठी पॅच निघतो तेव्हा चोर हेच करतात. पॅचच्या आधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते बघतात. बदल जिथे तिथे भोक. मग तेच भोक दहामध्ये आहे का ते शोधतात. म्हणजे अकराची प्रत्येक दुरुस्ती दहाच्या भोकाचा पत्ता सांगत असते.

याचा मोठा दाखला २०१७ चा. वॉनाक्राय नावाचं खंडणीचं सॉफ्टवेअर १२ मे ला जगभर पसरलं. फाइली कुलूपबंद करायचं आणि बिटकॉइनमध्ये पैसे मागायचं. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना त्या दिवशी रुग्ण परत पाठवावे लागले. ते ज्या भोकातून आत शिरलं त्याचा पॅच १४ मार्चलाच आला होता, जवळजवळ दोन महिने आधी. बहुतेक बाधित मशीन विंडोज ७ ची होती, आणि तेव्हा सात जिवंत होतं, त्याला पॅच मिळत होते. लोकांनी ते घेतले नव्हते, एवढंच. म्हणून अपडेट बंद करून ठेवलेलं नवं विंडोज आणि एक्सपायर झालेलं जुनं विंडोज यांत मी फरक करत नाही. 'अपडेटमुळे नेट संपतं' म्हणून ते बंद करून देणारे महाभाग आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत.

तर पहिलं काम: सध्या काय आहे ते बघा. विंडोजची खिडकीवाली की दाबून ठेवा, आर दाबा, आणि येणाऱ्या छोट्या चौकटीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरं टाइप करून एंटर मारा. एक पाटी येते. तिच्यावर दहा की अकरा हे तर असतंच, शिवाय '२२एच२' किंवा '२४एच२' असं काहीतरी लिहिलेलं असतं. २२ हे वर्ष, एच२ म्हणजे त्या वर्षाचा दुसरा अर्धा भाग. एक्सपायरी यालाही असते. अकराच्या होम आणि प्रो या दोन्ही प्रकारांत अशा प्रत्येक आवृत्तीला २४ महिने मिळतात. त्यामुळे 'माझं अकरा आहे, मला चिंता नाही' असं म्हणणाऱ्याकडे २०२२ चं अकरा निघालं तर तेही संपलेलं असतं. त्याने फक्त अपडेटला परवानगी द्यायची असते.

आता मशीनला काय झेपतं ते. अण्णांच्या डब्यावर अकरा का चढत नाही हे कळायला एका आकड्याकडे बघावं लागतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट. तिथे प्रोसेसरचं नाव दिसतं. अण्णांचं होतं 'कोअर आय३-४१३०'. लोक आय३, आय५, आय७ यावर भांडतात. बघायचा असतो आडव्या रेघेनंतरचा आकडा. ४१३० मधला ४ म्हणजे चौथी पिढी. आय५-८२५० असेल तर आठवी. पाच आकडे असतील, उदाहरणार्थ १०४००, तर पहिले दोन घ्यायचे: दहावी. लॅपटॉपवर कधी १०३५ किंवा ११३५ असे चारच आकडे असतात आणि सुरुवात १ ने होते. ती पहिली पिढी नाही, अनुक्रमे दहावी आणि अकरावी आहे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. एखाद-दुसरा अपवाद आहे, पण तो तुमच्या घरी असायची शक्यता कमी. म्हणजे सातव्या पिढीचा झकपक आय७ नापास आणि आठव्या पिढीचा साधा आय३ पास. हे बऱ्याच जणांना पचत नाही. एएमडीच्या रायझेनमध्ये ढोबळमानाने २००० च्या मालिकेपासून पुढे चालतं, पण तिथे नावावर जाऊ नका. एकाच मालिकेतले काही यादीत आहेत, काही नाहीत. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालवून हो की नाही बघा.

दुसरी अट टीपीएम २.०. ही कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारी चिप. किल्ली डिस्कवरच ठेवली तर डिस्क पळवणाऱ्याला दोन्ही मिळतं. म्हणून ती वेगळ्या चिपमध्ये ठेवतात आणि ती चिप किल्ली सहसा बाहेर काढत नाही. गंमत अशी की २०१८ नंतरच्या पुष्कळ डेस्कटॉपमध्ये ही सोय असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. 'तुमचं मशीन अकराला चालत नाही' अशी पाटी आली म्हणून एकाने माझ्यादेखत नवा कॉम्प्युटर घ्यायची तयारी केली होती. बायोसमध्ये जाऊन एक पर्याय चालू केला आणि पाटी गेली. पंचेचाळीस हजार वाचले. त्या बदल्यात त्याने मला मिसळ खाऊ घातली, तीही जादा पाव न घेता.

रॅम कागदावर ४ जीबी लागते. कागदावरचं ४ जीबी म्हणजे 'बस आत घेईल, बसायला जागा मिळेलच असं नाही'. ८ जीबी असेल तरच अकराच्या वाटेला जा.

या अटी डावलून अकरा टाकता येतं का? येतं. रुफस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह बनवताना टीपीएमची तपासणी वगळायचा पर्याय मिळतो, आणि इंटरनेटवर तो करून दाखवणारे शेकडो व्हिडिओ आहेत. मी स्वतःच्या एका जुन्या लॅपटॉपवर केलं आहे. चालतं. पण अशा मशीनला वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती आपोआप मिळत नाही, दरवेळी हाताने चढवावी लागते, आणि मायक्रोसॉफ्टने अशा मशीनला अपडेट मिळतीलच असा शब्द दिलेला नाही. २४एच२ पासून तर प्रोसेसरमध्ये ठराविक सूचना नसतील तर विंडोज सुरूच होत नाही. कोअर टू ड्युओच्या काळातली मशीन त्यात बाद झाली. ज्याला स्वतःला हे सगळं निस्तरता येतं त्याने खुशाल करावं. अण्णांच्या मशीनवर मी करणार नाही. पुढच्या वर्षी ते अडलं तर ॲक्टिव्हा पुन्हा माझ्याच दारात उभी राहणार.

'लाइट' विंडोजबद्दल मात्र मला सरळ राग येतो. कोणीतरी अनोळखी माणूस मूळ विंडोजमधून त्याला नको वाटलेल्या गोष्टी काढतो आणि नेटवर ठेवतो. काढलेल्या गोष्टींत बऱ्याचदा अपडेट आणि अँटिव्हायरस असतात. शिवाय त्याने काय काढलं ते तो सांगतो, आत काय घातलं ते कुठून कळणार? माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी एका दुकानातून चारशे रुपयांत 'फुल व्हर्जन, लाइफटाइम' असं विंडोज टाकून आणलं. तीन महिन्यांनी त्यांच्या ईमेलवरून ओळखीच्या सगळ्यांना पैसे मागणारे निरोप गेले. ते त्या विंडोजमुळेच झालं हे सिद्ध करता येणार नाही. पण ज्या मशीनचं गेट कोणी बांधलं हेच माहीत नाही, त्यावर बँकेचा पासवर्ड टाकू नये, इतकं कळायला पुरावा लागत नाही.

बत्तीस बिट की चौसष्ट, हेही विचारतात. चौसष्ट. बत्तीस बिटला २ चा ३२ वा घात, म्हणजे साधारण ४ जीबी, एवढ्याच जागेचे पत्ते लिहिता येतात. त्यातलेही काही हार्डवेअरला जातात, म्हणून ४ जीबी रॅम टाकूनही तिथे सव्वातीन-साडेतीनच दिसते. विंडोज ११ बत्तीसमध्ये निघालंच नाही. एकच कारण असेल तर थांबा: डॉसच्या काळातलं, काळ्या पडद्यावरचं जुनं बिलिंग अजून वापरत असाल तर. रविवार कारंज्याकडे एका व्यापाऱ्याकडे मी ते अजून चालू पाहिलंय आणि तो आपल्यापेक्षा वेगाने बिल काढतो. सोळा बिटचे असे प्रोग्रॅम चौसष्ट बिटच्या विंडोजवर चालत नाहीत. त्यासाठी डॉसबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर वापरून बघा.

आता खरा कळीचा मुद्दा. तुमचं असं कोणतं काम आहे जे अडलं तर घरात बोंब होईल? हे ठरल्याशिवाय आवृत्ती ठरवू नये. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "नेट बघतो, अजून काय." मी डिस्क उघडून बघितली. सोसायटीच्या बारा वर्षांच्या नोटिसा, सभेचे वृत्तांत, थकबाकीची पत्रं, सगळं श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये.

मराठी माणसाच्या कॉम्प्युटरचं हे खास दुखणं. जुन्या फॉन्टमध्ये 'क' हा मुळात 'क' नसतोच. आत एखादं इंग्रजी अक्षर असतं आणि फॉन्ट त्याला 'क' चा मुखवटा चढवतो. फॉरमॅट मारला, फॉन्ट गेला, मुखवटा उतरला, आणि 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ उरते. फाइल बिघडलेली नसते, पण बघणाऱ्याला ती गेल्यासारखीच वाटते. अशा घाबरलेल्या माणसाने चांगल्या फाइली पुसून टाकलेल्या मी पाहिल्या आहेत. युनिकोडमध्ये 'क' ला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे मंगल फॉन्टमध्ये लिहा नाहीतर निर्मलामध्ये, ते कुठल्याही मशीनवर 'क' च राहतं. तेव्हा जुन्या फॉन्टचं काम असेल तर फॉरमॅटच्या आधी सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधला 'फॉन्ट्स' हा फोल्डर पेनड्राइव्हवर उचलून ठेवा, आणि श्रीलिपीचं डोंगल (यूएसबीला लावायची तिची किल्ली) किंवा सीडी कुठे आहे ते आधी शोधा. दुकानदार 'डेटा बॅकअप घेतला' म्हणतो तेव्हा त्याच्या लेखी डेटा म्हणजे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स. फॉन्ट त्यात नसतात.

नव्याने टायपिंग करायचं तर वेगळं काही विकत घ्यायला नको. २०१९ च्या मे मधल्या अपडेटपासून विंडोज १० मध्येच मराठीचा फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायचा, कीबोर्ड आला आहे, इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड तर आधीपासूनच होता.

फॉन्टसारखीच आणखी दोन अडणारी कामं: टॅली आणि डिजिटल सही. ज्यांचं घरून जीएसटीचं किंवा टेंडरचं काम चालतं त्यांच्या सहीचं यूएसबी टोकन विंडोजवर सुखाने नांदतं. इतरत्र ते कधी नांदतं, कधी नाही, आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेला हा प्रयोग करायची हौस कोणाला नसते.

हे सांगण्याचं कारण लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. अण्णांच्या मशीनसारख्या, चौथ्या-पाचव्या पिढीच्या डब्यांना मी साधारणपणे लिनक्स सुचवतो. ते फुकट आहे, कायदेशीर आहे आणि त्याचीही एक्सपायरी स्वच्छ लिहिलेली असते. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या नावातच वर्ष आणि महिना असतो: २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये, 'एलटीएस' म्हणजे लांब पल्ल्याची आवृत्ती येते. तिला पाच वर्षं पॅच मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. नवं दिसतं म्हणून मधली उचललीत तर वर्ष भरायच्या आत पुन्हा तोच खटाटोप. आकड्याने मोठी म्हणून चांगली, हा हिशेब इथे साफ उलटा पडतो. लिनक्स मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर उभं आहे आणि २०२९ पर्यंत चालेल. त्यातलं 'एक्सएफसीई' म्हणतात ते रूप ४ जीबीच्या मशीनवरही बरं पळतं. विंडोजच्या सवयीच्या माणसाला खाली डावीकडे मेन्यू दिसला की धीर येतो, आणि मिंटमध्ये तो तिथेच असतो.

लिनक्सची सगळ्यात चांगली सोय म्हणजे टाकण्याआधी वापरून बघता येतं. पेनड्राइव्हवरून सुरू करायचं, डिस्कला हात न लावता दोन तास क्रोम किंवा फायरफॉक्स चालवायचा, वायफाय लागतं का बघायचं, प्रिंटरवर एक पान काढायचं. प्रिंटर मुद्दाम बघा. काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर रुसतात आणि त्यांची समजूत घालण्यात रविवार जातो.

एक मात्र सांगून ठेवतो. तुमचं मशीन रडत असेल तर बऱ्याच वेळा दोष विंडोजचा नसतो, फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. ती काढून एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क, बसवली की तेच दहा, तेच अकरा ओळखू येत नाही. लोक आवृत्ती बदलून वेग शोधतात. वेग तिथे कमी आणि डिस्कमध्ये जास्त असतो.

होम घ्यावं की प्रो? घरच्यासाठी होम. प्रोमध्ये बाहेरून रिमोट डेस्कटॉपने मशीनवर येता येतं, डिस्क कुलूपबंद करणारं पूर्ण बिटलॉकर मिळतं, ऑफिसच्या डोमेनला जोडता येतं. घरी यातलं क्वचितच लागतं. आणि एक व्यवहाराची गोष्ट: आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपसोबत 'होम सिंगल लँग्वेज' येतं आणि त्याची किल्ली बायोसमध्येच असते. तेच पुन्हा टाकलं की ते न विचारता स्वतः ॲक्टिव्हेट होतं. दुकानात 'प्रो टाकून देतो साहेब, भारी आहे' म्हणत वरचा प्रकार टाकतात, तुमची विकत घेतलेली किल्ली त्याला लागत नाही, मग क्रॅक मारतात. म्हणजे पैसे भरून घेतलेलं अस्सल काढलं आणि चोरीचं बसवलं, वर त्याचे पैसे दिले. सिंगल लँग्वेज म्हणजे मराठी टाइप होणार नाही असा अर्थ काढू नका. मेन्यू एकाच भाषेत राहतात, कीबोर्ड हवे तितके जोडता येतात.

अकरावाल्यांनी आणखी एक करायचं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन करून नव्याने अकरा टाकलं की हल्ली डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते. उद्या बोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही हललं तर ते ४८ आकड्यांची किल्ली मागतं. ती तुमच्या खात्यात जपून ठेवलेली असते. आजच बघून कागदावर उतरवून ठेवा. खात्याचा पासवर्ड मुलाने बनवला, मुलगा पुण्याला, मोबाइल नंबर जुना, अशा घरातले फोटो मी परत मिळवून देऊ शकलो नाही.

अण्णांचं काय केलं ते सांगतो. चौथी पिढी, ४ जीबी रॅम, फिरती डिस्क, श्रीलिपीचं डोंगल यूएसबीला लटकलेलं. अकरा नाही. सात तर नाहीच. मन म्हणत होतं मिंट टाकावं, पण श्रीलिपी तिथे अडली असती आणि मार्चअखेर सोसायटीचा हिशेब पुरा करायचा होता. म्हणून दहाच ठेवलं, पण एक्सपायर झालेलं दहा नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी विंडोज १० ला एक वर्ष वाढीव पॅच ठेवले आहेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मशीनवर २२एच२ आवृत्ती लागते आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. त्या खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलरच्या आसपास. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा दिसतो. मी तो दाबला, एसएसडी बसवली, रॅम ८ केली, फॉन्ट्सचा फोल्डर दोन ठिकाणी ठेवला. नातवाला बसवून जुन्या नोटिसा युनिकोडमध्ये उतरवायला लावलं आहे. त्याला पानामागे पाच रुपये मिळतात आणि त्याने आतापासूनच भाववाढ मागितली आहे.

परवा मी त्यांच्याकडे चहाला गेलो. भिंतीवरच्या कॅलेंडरचं ऑक्टोबरचं पान उलटून अण्णांनी १३ तारखेभोवती लाल गोल काढलेला. त्याच पानावर खाली ३१ तारखेलाही एक गोल, तो सिंहस्थाच्या ध्वजारोहणाचा.

"मधे अठरा दिवस आहेत," ते म्हणाले, "पण गावाकडचे पाहुणे आठ दिवस आधीच येऊन बसतील. तू लिनक्सचं दसऱ्याच्या आधीच बघ."